जगदाळेसाहेबांच्या अकरा नोंदी

लॅपटॉप झोपतो म्हणजे नेमकं काय होतं, हे मी नोकरीत इतक्या जणांना समजावलं की निवृत्तीनंतरही त्यातून सुटका नाही. परवा नई सडकेवर साडीला फॉल लावायला टाकायला गेले होते. दुकानदार साडी बाजूला सारून म्हणाला, "मैडम, एक बात बताइए. ढक्कन लगा दिया तो बंद ही हुआ ना?" मी म्हटलं, "नहीं भैया, सो गया." त्याने क्षणभर विचार केला आणि विचारलं, "तो फिर बंद कब होगा?"

प्रश्न वाटतो तितका बाळबोध नाही. मी नेहमी स्वयंपाकघरातलं उदाहरण देते. गॅस अगदी बारीक करून, कढईवर झाकण ठेवून बाई शेजारणीशी बोलायला गेली, तर तो झोपलेला लॅपटॉप. परत आली की भाजी होती तिथूनच पुढे सुरू. गॅस बंद करून, ओटा पुसून, दिवा मालवून गेली, तर तो बंद केलेला. पहिल्यात सोय आहे, पण शेजारणीकडे गप्पा लांबल्या तर काय होतं, ते बायकांना सांगायला नको.

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी संपादकांनी मला 'तीस वर्षांच्या सेवेतले अनुभव' लिहायला सांगितलं. तीस वर्षांचं मला सांगता येणार नाही. एका हिवाळ्याचं सांगते. ते मला अजून पूर्ण कळलेलं नाही, म्हणूनच बहुधा लक्षात राहिलं. माणसांची नावं बदलली आहेत. आमची ग्वाल्हेरची मराठी मध्येच हिंदीत शिरते, ते दक्षिणेकडच्या वाचकांनी सांभाळून घ्यावं.

मी एका सरकारी महामंडळाच्या क्षेत्रीय कार्यालयात संगणक कक्षात होते. कक्ष म्हणजे मी, एक खोली आणि एक पंखा. आमचं कार्यालय गोरखीजवळच्या एका जुन्या इमारतीत होतं. गावोगावच्या विणकाम केंद्रांचा कारभार तिथून चाले. त्याच तऱ्हेचं काम करणारं दुसरं एक महामंडळ शहराच्या नव्या वस्तीत, सिटी सेंटरला होतं. दोघांत फरक काय, हे आम्हालाही धड सांगता येत नसे. एके दिवशी वरून आदेश आला की दोन्ही एक झाली.

एक झाली म्हणजे आम्ही सामानासकट सिटी सेंटरच्या इमारतीत गेलो. दारावर दोन पाट्या. शिक्के दोन, हजेरीपट दोन, चहावाले दोन. प्रत्येक शाखेला दोन-दोन प्रमुख, समोरासमोर टेबलं लावून बसलेले. पत्र आलं की ते कोणी उघडायचं यावर पाच मिनिटं सभ्यपणे "आप लीजिए, आप लीजिए" चाले आणि शेवटी ते कोणीच उघडत नसे. माझा साहेब कोण, हे मला दोन महिने ठाऊक नव्हतं. रजेचा अर्ज मी दोघांकडे द्यायची. एकदा एकाने मंजूर केला आणि दुसऱ्याने नामंजूर. मी अर्धा दिवस घरी राहिले.

या सगळ्या गोंधळात बावीस नवे लॅपटॉप आले, प्रत्येकासोबत इंटरनेटचा एक डोंगल.

मुख्यालयाचा हुकूम असा होता की दोन्हीकडच्या सगळ्या कर्मचाऱ्यांची सेवा-माहिती एका नव्या पोर्टलवर भरायची. त्यावरून एकच यादी तयार होणार. यादीत नाव असेल तो नव्या महामंडळात. नाव नसेल तो 'अतिरिक्त'. अतिरिक्त माणसाचं पुढे काय करणार, हे हुकमात लिहिलेलं नव्हतं आणि विचारायची कोणाची हिंमत नव्हती.

लॅपटॉप तयार करून वाटायचं काम माझं. सोबत मुख्यालयाने एक तक्ता पाठवला होता, कुठलं सेटिंग काय ठेवायचं त्याचा. मी तो बावीस वेळा भरला. शिवाय माझ्या हौसेने एक पानभर सूचना हिंदीत टाइप करून प्रत्येकाच्या हातात दिल्या. पडदा ओल्या फडक्याने पुसू नये, मऊ कोरडं कापड वापरावं. रजईवर किंवा गादीवर ठेवून चालवू नये, खालची हवा कोंडते. चालू असताना पिशवीत कोंबू नये. बटण दाबून धरून बंद करू नये. चार्जर दिवसभर लावून ठेवू नये, ऐंशी टक्के झाले की काढावा म्हणजे बॅटरी जास्त वर्षं टिकते. आणि शेवटी ठळक अक्षरांत, सेटिंगला हात लावू नये.

त्या पानाचं मला फार कौतुक होतं. लोकांनी त्याचं काय केलं ते सांगत नाही. एका बाबूंनी लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं ते थेट कळांच्या फटीत. एकांनी झाकण लावून तो तसाच बॅगेत घातला, घरी गेल्यावर बॅग गरम लागली म्हणून बादलीजवळ नेऊन ठेवली आणि मला फोन केला, "मैडम, पानी डालें क्या?"

माझं पान अक्षरशः पाळणारा माणूस एकच होता. आमच्या आस्थापना शाखेचे प्रमुख, जगदाळेसाहेब.

त्यांचे पूर्वज फौजेबरोबर दक्षिणेतून इकडे आलेले. साहेबांनी मात्र आयुष्यभर हातात लाल पेन्सिल धरली. आमच्या बाजूच्या दोनशे दहा माणसांची सेवापुस्तकं त्यांच्या ताब्यात होती आणि जवळजवळ सगळी तोंडपाठ होती. कोण कुठल्या केंद्रात कधी लागला, कोणाची मधली दोन वर्षं का तुटली, कोणाच्या बापाचं नाव चुकून काकाचं लागलं, सगळं. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं.

लॅपटॉप हातात घेऊन ते मला म्हणाले, "शुभदा, याला काय चालत नाही तेवढं सांग. चालतं ते मी बघून घेईन."

मी पान दिलं. त्यांनी ते काचेखाली टेबलावर ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून मी बघायची, सकाळी आले की खिशातून मलमलीचा तुकडा काढून पडदा पुसत. खाली दोन लाकडी पट्ट्या ठेवत, हवा खेळावी म्हणून. चार्ज ऐंशीवर गेला की चार्जर काढून, वायर गुंडाळून खणात ठेवत. मला फार बरं वाटायचं. इतकी वर्षं लोकांना सांगतेय, एकाने तरी ऐकलं.

त्यांच्या समोरच्या टेबलावर दुसऱ्या बाजूच्या आस्थापना प्रमुख, तोमर मॅडम. मोकळ्या स्वभावाची, मोठ्या आवाजाची बाई. त्यांच्या लॅपटॉपवर कचोरीचे कण असत आणि चार्जर चोवीस तास लावलेला. मी दोनदा टोकलं. "तोमर मैडम, चार्जर निकाल दिया कीजिए."

"अरे शुभदा जी, लगा रहने दो. नीचे है बटन. कौन बार-बार झुके?"

दोघांपैकी एकच शाखाप्रमुख राहणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यावर कोणी बोलत नसे.

पोर्टल भरायला सुरुवात होऊन आठवडा झाला असेल. जगदाळेसाहेब माझ्या खोलीत आले. "शुभदा, गंमत बघ. काल मी सात माणसं भरली. आज पोर्टल पाच म्हणतंय."

मी गेले, बघितलं. खरंच पाच. त्यांच्या रजिस्टरात सात नावांपुढे लाल टिक होती. मी म्हटलं, "साहेब, दोन राहिली असतील."

"राहिली असतील," ते हसून म्हणाले आणि ती दोन पुन्हा भरली.

दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग पुन्हा. तिसऱ्या वेळी ते हसले नाहीत. टिक करताना पेन्सिल थांबवून बराच वेळ पडद्याकडे बघत राहायला लागले. आवाज खाली आणून त्यांनी मला विचारलं, "खरं सांग, आपण भरलेलं दुसरं कोणी पुसू शकतं का?"

मी तेव्हा दुसऱ्या कुणाचा प्रिंटर उघडून बसले होते. मान वर न करता म्हटलं, "पासवर्ड हातात असला तर काहीही करता येतं."

त्यांचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून लॅपटॉपखालच्या लाकडी पट्टीला चिकटवलेला होता. शाखेत सगळ्यांना माहीत होतं. मी पुन्हा प्रिंटरमध्ये डोकं घातलं. ते एक वाक्य मी असं सहज टाकून दिलं नसतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

मग पहिली यादी लागली. सूचना फलकासमोर ही गर्दी. थोड्या वेळाने हरिविलास नावाचा आमचा जुना चौकीदार जगदाळेसाहेबांच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. टोपी हातात.

"बाबूजी, लिस्ट में हमारो नाम नईं है."

साहेबांनी रजिस्टर उघडून दाखवलं. "हे बघ, टिक आहे. भरलंय मी."

"टिक तो है बाबूजी. नाम नईं है."

संध्याकाळपर्यंत मोजलं. आमच्या बाजूची अकरा माणसं यादीत नव्हती. अकराही जणांपुढे लाल टिक होती. आणि सगळी तसलीच, ज्यांची सेवा मध्ये तुटलेली, आधी रोजंदारीवर मग कायम, कुठे कागद हरवलेला, कुठे नाव चुकलेलं. ज्यांच्यासाठी बोलणारं कोणी नाही अशी. तोमर मॅडमच्या बाजूचं एकही नाव गळलेलं नव्हतं.

जगदाळेसाहेबांनी दुसऱ्या दिवशी क्षेत्रीय प्रबंधकांकडे, म्हणजे मॅनेजरांकडे, लेखी तक्रार दिली. नाव घेतलं नव्हतं, पण 'समोर बसणाऱ्या व्यक्तीस माझा पासवर्ड ठाऊक आहे' असं लिहिलं होतं. तासाभरात ते सगळीकडे पसरलं. तोमर मॅडम भर शाखेत उठून उभ्या राहिल्या. "जगदाळे जी, मैं आपकी एंट्री क्यों मिटाऊँगी? मेरी अपनी नहीं निपट रही." आवाज नेहमीसारखा मोठा होता, पण शेवटी कापला. साहेब खाली मान घालून पडदा पुसत राहिले. पडदा स्वच्छच होता.

प्रबंधकांनी मला बोलावलं. ते मुख्यालयातून नवे आलेले, दोन्ही बाजूंना अनोळखी. म्हणाले, "खराबी मशीन में है कि आदमी में? जाँच करके एक लाइन लिख दीजिए."

मी जगदाळेसाहेबांचा लॅपटॉप माझ्या खोलीत आणला आणि अख्खा दिवस तपासला. खोट्या नावांच्या वीस नोंदी भरल्या, वीसच्या वीस बसल्या. झोपवला, उठवला, नव्याने पासवर्ड टाकून पुन्हा भरल्या. बसल्या. तोमर मॅडमचा लॅपटॉप आणून शेजारी ठेवला. तेच मॉडेल, तेच सेटिंग. काही म्हणजे काही सापडेना. मला स्वतःचीच लाज वाटत होती, कारण साहेब खोटं बोलत नाहीत हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि यंत्रही खोटं बोलत नव्हतं. संध्याकाळी मी लिहून दिलं, 'मशीन में कोई दोष नहीं पाया गया.'

जे दिसलं ते लिहिलं, असं मी स्वतःला सांगितलं.

यंत्रात दोष नाही म्हटल्यावर उरलं काय? तोमर मॅडम दोन्ही बाजूंच्या मिळून एकमेव शाखाप्रमुख झाल्या. जगदाळेसाहेबांची रवानगी गोरखीच्या जुन्या इमारतीत, राहिलेल्या खुर्च्या-कपाटांची यादी करायला. जाताना त्यांनी सेवापुस्तकं गावांप्रमाणे लावून ठेवली, रजिस्टर वर ठेवलं. माझ्या दारात क्षणभर थांबले.

"मशीन ठीक आहे न?"

"हो साहेब. मी सगळं बघितलं."

"मग झालं," ते म्हणाले आणि जिना उतरले. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर मला समजलं असतं. राग नव्हता. कसलीशी भीती होती. ती कशाची, हे मला तेव्हा कळलं नाही. आठवड्याभरात ते आजारपणाच्या रजेवर गेल्याचं ऐकलं.

यादीवर हरकती घ्यायची मुदत संपायला तीन दिवस उरले होते. दुपारी बाराच्या सुमारास वीज गेली. कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर उडाला होता. दिवे गेले, मोठे संगणक बंद पडले, लोक उन्हात जाऊन उभे राहिले. मीही शेंगदाणे खात उभी होते. तेवढ्यात तोमर मॅडम खाली आल्या.

"शुभदा जी, आपने मेरे वाले में भी कुछ कर दिया क्या?"

"क्यों, क्या हुआ?"

"एक आदमी भर रही थी. फाइल देखने अलमारी तक गई, लौटी तो काला पड़ा था. जगाया. जो भरा था सब सामने था. मैंने बाकी भरके 'सुरक्षित करें' दबाया, तो फिर से नाम-पासवर्ड माँगने लगा. डाला. फॉर्म कोरा. पर वो हरी पट्टी नहीं आई."

नोंद बसली की पोर्टलवर वरच्या बाजूला क्षणभर हिरवी पट्टी यायची. मग नवा कोरा फॉर्म. तोमर मॅडमना ती पट्टी बघायची सवय होती.

मी विचारलं, "चार्जर लगा था?"

"बत्ती ही नहीं है, चार्जर क्या खाक लगेगा!"

माझ्या मुठीतले शेंगदाणे तसेच राहिले.

लॅपटॉपला झोपेची दोन सेटिंगं असतात. एक, वीज लावलेली असताना. दुसरं, बॅटरीवर असताना. मुख्यालयाच्या तक्त्यात पहिल्यापुढे तीस मिनिटं होती आणि दुसऱ्यापुढे पाच. बॅटरी वाचावी म्हणून. मी बावीस वेळा तीस आणि पाच भरलं होतं आणि विसरून गेले होते. चार्जर लावलेला असेल तर लॅपटॉप अर्धा तास वाट बघायचा. काढलेला असेल तर पाच मिनिटं हात लागला नाही की झोपायचा. झोपला की इंटरनेट तुटायचं, आणि पोर्टलला वाटायचं माणूस उठून गेला. ते त्याला बाहेर काढायचं. लॅपटॉप उठवला की भरलेला फॉर्म समोर दिसायचा, पण आत ओळख उरलेली नसायची. मग बटण दाबलं की नोंद कुठेच जात नसे. पुन्हा पासवर्ड मागायचं, आणि कोरा फॉर्म. नोंद बसल्यावरही कोराच फॉर्म. फरक काय तो क्षणभराच्या हिरव्या पट्टीचा.

बावीस माणसांत चार्जर काढून ठेवणारा एकच होता. कारण मी तसं लिहून दिलं होतं.

आणि अकरा माणसं तीच का, तेही त्या उन्हात उभ्या उभ्या कळलं. सरळ सेवा असलेल्या माणसाची नोंद तीन मिनिटांत होते. हरिविलाससारख्याची भरायची तर सेवापुस्तकाची जुनी, उडालेल्या शाईची पानं वाचत बसावं लागतं. साहेब एकेका नोंदीला पंधरा-वीस मिनिटं वाचत. लॅपटॉप शेजारी शांतपणे झोपून जाई. माझ्या खोलीत मी भरलेली खोटी माणसं झटपट भरली होती. आणि माझ्याकडे विजेचा बोर्ड टेबलावरच असल्यामुळे चार्जर सतत लावलेला होता.

मी तोमर मॅडमना सगळं सांगितलं. दोनदा सांगावं लागलं, कारण पहिल्यांदा माझंच बोलणं मला धड कळत नव्हतं. त्यांनी डोक्याला हात लावला. "मतलब वो सच बोल रहे थे."

"हाँ."

"और मैं भी."

"आप भी."

त्या जिन्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "चलो, रजिस्टर निकालो. तीन दिन हैं."

वीज यायची वाट बघितली. मग दोन दिवस आम्ही दोघी अकरा सेवापुस्तकं घेऊन बसलो. त्या वाचत, मी भरत होते, चार्जर लावून. जगदाळेसाहेबांनी रजिस्टरात प्रत्येक तुटलेल्या काळापुढे कागदाचा क्रमांक लिहून ठेवला होता, त्यामुळे कुठे अडलं नाही. मधेच तोमर मॅडम म्हणाल्या, "आदमी ने काम तो हीरे जैसा किया है." अकरावी नोंद बसली, हिरवी पट्टी आली, आणि त्यांनी चक्क टाळी वाजवली. सुधारलेल्या यादीत हरिविलासचं नाव आलं. तो पेढे घेऊन आला तो तोमर मॅडमकडे. त्यांनी त्याला गोरखीला पाठवलं. तिथे साहेब नव्हते.

मी प्रबंधकांना लेखी देणार होते की दोष जगदाळेसाहेबांचा नाही. पुरावा हवा म्हणून मुख्यालयातून त्यांच्या पोर्टलवरच्या खात्याची नोंदवही मागवली. कोणत्या दिवशी कोणाचा फॉर्म उघडला, जतन झाला की नाही, हे पोर्टल लिहून ठेवतं. ती शुक्रवारी आली. अकरांपैकी नऊ फॉर्म उघडलेले होते आणि जतन झालेले नव्हते. अगदी मी म्हणत होते तसंच.

उरलेले दोन कधी उघडलेच गेले नव्हते.

मी ते पुन्हा पुन्हा बघितलं. मुख्यालयात फोन करून विचारलं. ते म्हणाले, नोंदवही बरोबर आहे. रजिस्टरात त्या दोघांपुढे टिक होती, तारीख होती, साहेबांची सही होती. कदाचित दुसऱ्याच्या फॉर्मवर त्यांचा तपशील लिहिला असेल. कदाचित पोर्टलच चुकलं असेल, तेही नवंच होतं. कदाचित.

प्रबंधकांना दिलेल्या पत्रात मी लिहिलं, 'सभी प्रविष्टियाँ मेरी सेटिंग के कारण छूटीं.' ती नोंदवही जोडली नाही. त्यांनी पत्र वाचलं आणि विचारलं, "लिस्ट ठीक हो गई ना? तो इसे फाइल में लगा दीजिए." जगदाळेसाहेबांची बदली रद्द झाली नाही. मी पुन्हा मागे लागायला हवं होतं. लागले नाही. माझीही एक शाखा होती, माझ्याही समोर दुसऱ्या बाजूचं एक माणूस बसत होतं.

शनिवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. महाराज बाड्यामागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर ते आणि त्यांची पत्नी सुमनताई, दोघंच राहत. मुलगी लग्न होऊन बडोद्याला. साहेब गच्चीत उन्हाला बसले होते, मांडीवर वर्तमानपत्र, उघडलेलं नव्हतं. वजन उतरलेलं दिसत होतं. सुमनताईंनी चहा आणला आणि त्या आत गेल्या.

मी सगळं सांगितलं. पाच मिनिटं, तीस मिनिटं, चार्जर, माझं ते पान. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. संपल्यावर विचारलं, "म्हणजे मी बटण दाबत होतो?"

"हो."

"आणि ते जात नव्हतं?"

"नाही. झोपून उठल्यावर नाही."

"म्हणजे मी भरलं होतं."

"हो साहेब."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "अकराच्या अकरा?"

मला आठवतं, खाली भाजीवाला ओरडत होता. माझ्या पर्समध्ये ती नोंदवही घडी करून ठेवलेली होती. कशासाठी आणली होती, मलाच ठाऊक नाही.

"हो," मी म्हटलं. "अकराच्या अकरा."

साहेब उठले. गच्चीच्या दारात जाऊन आत हाक मारली. "अगं सुमन, ऐकलंस का? मी विसरत नाहीये. मशीन झोपत होती!"

सुमनताई हात पुसत बाहेर आल्या. काय झालं ते त्यांना पुन्हा सांगावं लागलं. त्या कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "ताई, यांच्या वडिलांचं शेवटी असंच झालं होतं. मला ओळखायचे नाहीत, स्वतःच्या पोराला, म्हणजे यांनाच, साहेब म्हणायचे. ऑफिसातलं ते सुरू झालं तसं यांनी मनात घेतलं. रात्रंदिवस हेच. कुलूप लावलं का, तीनदा बघायचे. भाच्यांची नावं वहीत लिहून पाठ करायचे. मीच मग दवाखान्यात नेलं."

साहेब मान खाली घालून हसत होते, चोरी पकडल्यासारखे.

सुमनताई आत गेल्या आणि दोन गोळ्यांची पाकिटं घेऊन आल्या. ती दोन्ही त्यांनी माझ्यापुढे धरली. ज्या बाईला एवढं सगळं कळलं, तिला हेही कळत असणार, असा तो विश्वास होता.

"मग ताई, ह्या आता बंद करायच्या न?"

साहेबही माझ्याकडे बघायला लागले. मी संगणकवाली. गोळ्यांतलं मला काय कळणार? पण पर्समधल्या त्या नोंदवहीतल्या दोन नावांचं मला कळत होतं.

"डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको," मी म्हटलं. "मनानं बंद करू नका."

"बघ," साहेब बायकोला म्हणाले, "हिचं सूचना देणं काही थांबत नाही." आणि कितीतरी दिवसांनी हसले.

सोमवारी ते दोघं दवाखान्यात जाऊन आले. सुमनताईंनी मला मुद्दाम फोन करून सांगितलं. डॉक्टरांनी एक गोळी बंद केली होती आणि एक चालू ठेवली होती. चालू ठेवलेली कशाची, हे मी विचारलं नाही.